खिडकी गोठली आणि मांजर भादरलं

वहिनी : आधी त्या मांजराकडे बघा, भावोजी. बघा म्हणते ना!

दीर : बघितलं. पोट छान गुळगुळीत झालंय.

वहिनी : तुमच्या कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममुळे झालंय! मांजराचं नाव दाबलं, समोर एक्स-रे आला, पोटात किल्ली. भूल दिली, पोट भादरलं, हत्यार हातात घेतलं, तेव्हा लक्षात आलं, बरगड्याच मांजरापेक्षा मोठ्या आहेत!

दीर : तो आधीच्या कुत्र्याचा. मागे जुन्या एक्स-रे फोटोंच्या प्रती निघतायत. एकेका फोटोला स्क्रीनवरची खिडकी गोठते, मग जुनंच चित्र राहतं.

वहिनी : म्हणजे कुत्र्याच्या वेळी मी बोकडाचं पोट बघत होते? आणि गॅसचं औषध देऊन त्याला घरी पाठवलं! डॉक्टर मी आहे की तुमची खिडकी?

दीर : ती एक पेशंट मागे आहे, एवढंच.

वहिनी : एवढंच?

दीर : सगळं एकाच थ्रेडवर आहे ना, वहिनी. दार उघडणारा माणूसच मागे भांडी घासतोय, असं समजा.

वहिनी : मग बेल वाजली तर?

दीर : मोजून ठेवतो. भांडी झाली की प्रत्येक बेलला एकदा दार उघडतो.

वहिनी : अहो, मग भांड्यांना दुसरा माणूस ठेवा!

दीर : ठेवता येतो. दुसरा थ्रेड. काम मागे चालतं, खिडकी मोकळी. किती झालं ते दिसतं, रद्द करायचं बटणही देता येतं.

वहिनी : मग ठेवला का नाही?

दीर : माझ्या घरी तीन फोटोंवर करून पाहिलं. पापणी लवायच्या आत झालं.

वहिनी : इथे तीन फोटो आहेत? आठ वर्षांची हाडं आहेत इथे! त्या कुत्र्याच्या मालकाचा नंबर द्या. आत्ता!

दीर : नंबर खिडकीत आहे.

वहिनी : बंद करा ती!

दीर : मधेच बंद केली तर यादीच खराब होईल. संपतच आलंय. तुम्ही काही दाबलं नाही ना?

वहिनी : दाबलं! कुत्र्याचं पान उघडलं आणि दिसेल ते दाबलं. हातोडा सापडला नाही म्हणून. ‘निरोप पाठवा’ तर दाबतच सुटले.

दीर : त्यात मी आधीच लिहून ठेवलंय, ‘आपलं जनावर ठणठणीत आहे. निश्चिंत राहा.’

वहिनी : भावोजी!

दीर : सुटली खिडकी. जातायत निरोप. एक... अजून एक... अजून...

(फोन वाजतो.)

वहिनी : हॅलो. बोला काका. हो, ठणठणीत, वाचलंत ना... सगळे वाचलेत. काय? तुमच्याच दाराबाहेर उभे आहात? कुलूप तोडू नका, काका. किल्ली तुमच्या पायाशीच बसलीय. तिला हळूहळू चालवत इकडे आणा.