पाठ टेकायचा स्पीकर

अंबाजोगाईच्या साउंडच्या दुकानात भजनी मंडळाचा बिघडलेला माईक घेऊन संगीता थांबली होती. पुढं बँजो पार्टीतले दोघं स्पीकर बघत होते, बेस गिटारवाला अंगद आन् ढोलकीवाला हनुमान.

“अंगद्या, मोठाच घे बे. बेसला दम लागतो.”

“न्हाई. हा लहानच बास हाय.”

“मांडवात पुरंल का?”

“मांडवाला साउंडवाल्याचे हायेतच की. हा आपल्यापुरता.”

“मग इतकी वर्षं त्या जुन्या स्पीकरचं धूड कशापायी वाहिलंस?”

“आमचे आण्णा त्याला पाठ टेकून बसायचे.”

“त्यांला तर कायीच ऐकू येत नव्हतं.”

“म्हणून तर. बेस पाठीत वाजायचा त्यांच्या.”

“मग आता जुना देऊन टाक ना दुकानात.”

“आय देईना. आण्णा गेल्यापासून ती टेकून बसती, बंद स्पीकरला.”