धुऱ्यापल्याडचं बनियन

दारव्ह्याच्या स्टँडवर जीप भरायची होती. शिवणकाम करणारी नाहिद मागच्या सीटवर टेकली, तर पुढं धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागलेल्या दोन शेतशेजाऱ्यांची जुंपलेली.

"वामनराव, माह्या वावरात बनियन काहून गाडलं? माह्या बायकोनं पाह्यलं. करणी म्हणून कोणी हातबी लावला नाई."

"कायची करणी, सुदामभाऊ? माह्या निशिगंधानं सांगतलं. पोरगी अंटार्क्टिकात मातीचंच काम करून राह्यली."

"बर्फात कायची माती?"

"हाये थोडी उघडी. तिथंबी तिनं सुती बनियन गाडलं. वर्षानं काढलं, तं जसंच्या तसं. थंडीनं मातीतले जंतू सुस्त. मेलेलं कुजत नाई, त्याचं खत होत नाई, मंग उगवंल काय?"

"अन् तुमच्या वावरात?"

"पावसाळ्यात गाडलं, दिवाळीले काढलं. जंतूंनी सारं खाल्लं, नुसती शिलाई उरली."

"मंग माह्या वावरात कायले?"

"ताडून पाहाले."

"न इचारता?"

"इचारलं असतं तं गाडू देलं असतं?"

"नसतंच देलं! आता खरं सांगा, माह्यातलं किती खाल्लं?"

"तेबी दिवाळीलेच काढलं."

"काढलं असंन तं दाखवा!"

वामनरावांनी सदऱ्याची वरची दोन बटनं सोडली.

"हे काय, धुऊन अंगात घातलं."

बनियनच्या गळपट्टीवर काळ्या मातीचा डाग नाहिदला मागूनही दिसला. सुदामनं ती गळपट्टी मुठीत धरली आणि जीव खाऊन ओढली.

फाटली नाही.