इटालियनची कदमताल

मला इटालियन बाबांनी शिकवली, आणि बाबांना इटालियन येत नाही. ते पोलिसात कवायत शिकवायचे.

झालं असं, की इटलीच्या ॲडमिशनसाठीच्या तोंडी परीक्षेत मी नापास झाले. क्रियापद म्हणताना जोर भलत्याच अक्षरावर द्यायची.

घरी घोकत होते, "पार्-ला-नो. जोर पहिल्यावर."

बाबा म्हणाले, "मग बसून काहून म्हणून राहिली? उभी हो. कदमताल. जिथं जोर, तिथं पाय आपट."

महिनाभर महाराजपुरातल्या आमच्या गच्चीवर तेच. 'ते-ले-फो-ना-नो'ला दुसरं पाऊल जोरात.

दुसऱ्यांदा परीक्षा ऑनलाइन होती. खुर्चीत बसून एक क्रियापद धड निघेना. शेवटी उभी राहिले आणि पाय आपटत सगळी म्हटली.

परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, "उच्चार बरोबर आहेत. आता बसा."

महिनाभराची सवय, हुकमाशिवाय पाय थांबेनात. तेवढ्यात दाराआडून बाबा गरजले, "थम."

मी थांबले. बाईंनी पेन खाली ठेवलं. "खोलीत तुम्हाला कोणी उत्तरं सांगतंय का?"

"नाही मॅडम," मी म्हटलं. "ते फक्त थांबवतात."