घरामागचे टमाटर

"हॅलो?… हो सोनिका, बोल. पोचले काय वं सगळे?"

मुलगी सोनिका, नात उन्नती आणि विहीणबाई दुपारीच मौद्याजवळच्या शेतावरून नागपूरला परत निघाल्या होत्या. शालिकराम तेव्हापासून ओट्यावरून उठला नव्हता.

"उन्नती कशी आहे?… अजून रडून राहिली?… हो, हात जोरात लागला तिले… ऐक ना वं. तिनं टमाटर तोंडाले लावला, अन् कालच औषधाचा फवारा मारला होता त्याच्यावर. मी झटका मारून पाडला…"

सोनिका काहीतरी बोलली. त्याची मान खाली गेली.

"हो, मीच म्हणलो. घरामागच्या वाफ्यातले खाय, तिथं औषध नाही राहत… हो, सगळ्यायसमोर. तोंडातून निघून गेलं."

पोरीची समजूत काढायला तो ते बोलला होता. त्यावर विहीणबाई, इंदुताई, बाजारासाठी भरलेल्या कॅरेटांकडे पाहत शांतपणे म्हणाल्या होत्या, "मग आम्ही नागपुरात कोणते खातो?"

"काय म्हणाल्या त्या गाडीत?… काहीच नाही?… बोलल्या असत्या तर बरं झालं असतं… नाही वं, माहीत नव्हतं असं कसं म्हणू? कृषीवाले कितीदा सांगून गेले. निंबोळी अर्क, किडे पकडाचे कामगंध सापळे, सगळं. मी चहा पाजून वाटेले लावलं त्यायले… काहून म्हणजे? खाणारा दिसत नव्हता ना, बाई. कॅरेट गाडीत चढलं का झालं…"

तिकडून मागे दुसरा आवाज आला.

"कोण?… नको, त्यायले नको देऊ फोन… सोनिका…"

तो ओट्यावरून उठून उभा राहिला.

"नमस्कार, इंदुताई… हो… हो… चुकलंच… नाही, उद्याची तोडणी थांबवली. औषधाचा असर गेल्याशिवाय माल बाजारात नाही जाणार… पुढं? एकदम सगळं नाही जमणार, खोटं कायले बोलू. अर्ध्या वावरात निंबोळीवर करून पाहतो… हो, या ना. उन्नतीलेही आणा… तिच्या हातानं तोडू द्यायचं? कोणत्याही झाडाचं?… कधी येता, ते आधी फोन करून…"

तो ओट्याच्या कडेला आला.

"फोन न करता?…"

समोर अख्खं वावर लालभडक टमाटरांनी लदलेलं होतं.

"…हो. या."

तिकडून फोन कधीचाच बंद झाला होता. तो तसाच कानाला लावून उभा होता.