धनकुंवर अक्कांनी पाणी घातलं

सन्माननीय अध्यक्ष पितांबरनाना, व्यासपीठावरील प्रियलचे मार्गदर्शक डॉ. भूपेंद्र सर, ज्यांच्या बांबूच्या बखारीत हे सारं घडलं ते तिचे आजोबा दलिचंदशेठ, पहिल्या रांगेत पदर सावरून बसलेल्या तिच्या आजी धनकुंवर अक्का, आणि वरणगावच्या या उकाड्यात पंख्याखालची जागा हेरून बसलेल्या माझ्या चतुर बंधुभगिनींनो,

मी लीलाधर, केळीवाला. आपली प्रियल डॉक्टरेट झाली आणि उद्या बंगळूरला संशोधनासाठी निघाली. म्हणून सत्कार आणि निरोप आपण एकाच हारात उरकतोय. शास्त्रावर बोलायला सर आहेत. मग मला का उभं केलं? कारण त्या सकाळी मी तिथे होतो. केळीच्या घडांना टेकू द्यायला बांबू घ्यायला गेलो होतो.

प्रियलचा विषय मला जेवढा कळला तेवढा सांगतो. सर, तुम्ही जरा कान झाका. बांबूत हजारो जनुकं असतात, पण काही असतात मुकादम. वाढा, थांबा, पानं मिटा, पाणी जपा, असे हुकूम ती बाकीच्यांना सोडतात. या मुकादमांची मोठाली घराणी आहेत आणि नावं एसटीच्या नंबरप्लेटसारखी. बांबूला तहान लागली की कुठल्या घराण्यातला कोण जागा होतो, हे पोरीला शोधायचं होतं. त्यासाठी आपल्या मे महिन्याइतकी सोयीची प्रयोगशाळा दुसरी कुठे मिळणार?

तिनं कुंड्या लावल्या. अर्ध्यांना रोज पाणी, अर्ध्यांना थेंब नाही. कॉलेजात माळी चुकून पाणी घालेल, म्हणून सरांनी कुंड्या शेठजींच्या बखारीमागे, घराच्या सावलीला ठेवायला सांगितल्या. सर, माळ्याला ओळखलंत, पण अक्कांना नाही ओळखलंत!

जिच्या घरापुढे उन्हाळाभर पाणपोई चालते, पाखरांसाठी पाण्याचे मातीचे परळ भरलेले असतात, ती बाई दारातलं रोप तहानेनं मरताना बघेल? देवदर्शनाहून आल्या, बघितलं, कळशी उचलली आणि सुकलेल्या एकूण एका कुंडीला पोटभर पाणी घातलं.

मी पोचलो तेव्हा प्रियल कुंड्यांपुढे बसून रडत होती. शिष्यवृत्तीचा तो तिचा शेवटचा उन्हाळा. प्रयोग बुडाला म्हणजे पदवी बुडाली. सर फोनवर गरजत होते, “संपलं सगळं! फेकून दे त्या कुंड्या!” आणि अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या. म्हणाल्या, “एका पंगतीत अर्ध्यांना वाढायचं, अर्ध्यांना उपाशी ठेवायचं? असला पंक्तिप्रपंच माझ्या घरात चालायचा नाही.”

आता सांगा, यावर विज्ञानानं काय उत्तर द्यावं?

पण मंडळी, प्रियल रडता रडता थांबली. सुरळी झालेलं एक पान तिच्या डोळ्यांदेखत उलगडत होतं. डोळे पुसून ती मला म्हणाली, “भाऊ, तहानेचे मुकादम सगळे शोधतात. पण पाणी मिळाल्यावर ‘आता उठा’ हा हुकूम या पानाला कोण देतंय?” आणि जी धावली! पानं जागच्या जागी गोठवणारा, धूर ओकणारा थंडगार डबा कॉलेजातून आणला. दिवसभर ती ठरल्या वेळी पानं कापून त्यात टाकत होती आणि हा केळीवाला कुंड्या धरून उभा होता. माझे बांबू त्या दिवशी राहिलेच.

पुढे तपासणीत सापडला! एका घराण्यातला एक मुकादम तहानेत गपगार झोपलेला, आणि पाणी पोचताच खडबडून उठून वाढीची कामं सुरू करणारा. सर नुसते शांत झाले नाहीत, तर पेढे घेऊन बखारीत आले. शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीसाठी विद्यापीठाचे उंबरेही त्यांनीच झिजवले.

पण एकदा घडलं तर योगायोग, पुन्हा घडवलं तर शास्त्र. पुढच्या उन्हाळ्यात प्रयोग परत मांडायचा ठरला. अक्कांचं काय करायचं? अक्काच म्हणाल्या, “मला बघवणार नाही,” आणि धुळ्याला भावाकडे जाऊन राहिल्या. तिथल्या शेजारणी विचारायच्या, “अक्का, घरमा भांडण व्हयनं का?” इकडे कुंड्या सुकल्या. ठरलेल्या दिवशी प्रियलनं फोन केला, “दादी, ये. पाणी तूच घालायचं.” अक्का पहिल्या एसटीनं आल्या, तडक बखारीत गेल्या आणि कळशी उचलली. तोच मुकादम पुन्हा उठला!

शेठजी, तुमच्या घराण्यानं आजवर तोडलेला बांबू विकला. तुमच्या नातीनं जिवंत बांबूला बोलतं केलं. आम्हा साऱ्यांची छाती आज फुगली आहे. आणि बेटा, उद्या तू निघणार. बंगळूरला खूप मोठी हो. तिथे कुंड्यांना पाणी घालायला कोणी अक्का नसेल, तेवढं जरा सांभाळून घे.

आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाची थट्टा अधिक झाली असेल, शास्त्रात काही वेडंवाकडं बोललो असेन, तर पदरात घ्या. अक्कांची चूक प्रियलनं पदरात घेतली आणि तिचं सोनं केलं. माझ्या चुकीचं सोनं नाही झालं तरी चालेल, नुसती पदरात घ्या.