वाढत्या अंगाची बाहुली

आणि वर आत्या मलाच विचारते, "कपडे मोठे झाले तर बिघडलं कुठे?" बिघडलं कुठे म्हणे! तुम्हीच सांगा आता, तुम्ही तिऱ्हाईत माणसं, आमच्या घराशी तुमचं देणं नाही की घेणं नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. बाहुली वाढते का हो? म्हणजे आज हातभर आहे, पुढच्या वर्षी दीड हात झाली, फ्रॉक आखूड पडायला लागला, मग खाली आत दुमडून शिवलेली टाच उसवून लांब करावा लागला, असं कुणाच्या बाहुलीचं झालंय? नाही ना? बाहुली वाढत नाही. एवढी साधी गोष्ट, पण पदवी घेऊनसुद्धा ती मला माझ्या सख्ख्या आत्याला पटवता आली नाही.

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मुलगी डोक्यावर पडलीय.

मी बाहुल्यांचे कपडे शिवते आणि विकते. हसू नका. हसलात की तुम्ही आमच्या काकांच्या पार्टीत गेलात. फ्रॉक, कोट, पायजमे, रेनकोट… हो, रेनकोटसुद्धा, टोपीसकट. लोकांना वाटतं, कपडा एवढासा तर कामही एवढंसं. अहो, सगळं उलटं आहे. माणसाच्या बाहीत शिवण सूतभर सरकली तर कुणाला पत्ता लागत नाही, पण बाहुलीच्या बाहीत सरकली की हात आत जायचं नाव नाही, कारण तिचा हात कोपरात वाकत नाही, बोटं एकमेकांना चिकटलेली, आणि ती मदत म्हणून काडीची करत नाही. तान्ह्या बाळाला कपडे घालताना ते निदान रडतं, कुठे अडकलंय ते कळतं तरी. ही बया आपली हसत असते!

आता हाच उद्योग का, तर त्याचं मूळ आत्यात आहे. आत्या आमच्याकडेच राहते, घरातलं शिवणकामाचं खातं तिच्याकडे, आणि त्या खात्याचं धोरण एकच… वाढतं अंग आहे, दोन बोटं जास्त ठेवा. शाळेच्या पहिल्या दिवशी माझ्या गणवेशाच्या बाह्या कोपराखाली, घेरात माझ्याबरोबर शेजारची मुलगी सहज मावली असती, आणि खाली आत दुमडलेल्या टाचा इतक्या जाड की धावताना गुडघ्यांवर आपटायच्या. मग मी वाढायची, टाच उसवायची, आणि उसवलेल्या जागी कोऱ्या कापडाचा गडद पट्टा, म्हणजे अख्ख्या वर्गाला कळावं की ही यंदा किती वाढली. आणि ज्या वर्षी तो गणवेश मला बरोब्बर बसायचा ना, त्याच वर्षी तो फाटायचा! माझी उंची वाढायची कधीच थांबली. तरी आत्या अजून माझ्या प्रत्येक ड्रेसला दोन बोटं माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, ठेवते. का, तर म्हणे, "असू दे, पुढे अंगाने भरशील." मी वाद घातला, चिडले, जेवणावरून उठले, पण दोन बोटं काही हलली नाहीत.

मग एकदा मैत्रिणीच्या भाचीच्या बाहुलीसाठी मी एक कोट शिवला. मापाने. नुसता मापाने. तो तिच्या खांद्यांवर असा बसला, असा बसला ना, की मी उठून खोलीचं दार लावून घेतलं आणि बघत बसले. जन्मात पहिल्यांदा मी काहीतरी अंगाबरोबर बसलेलं बघत होते. त्याच दिवशी ठरवलं, करायचं तर हेच.

घरात सांगितलं. बाबा पेपर उलटून मागचं पान वाचायला लागले. बोलले ते काका. त्यांच्या ओळखीच्या एका माणसाचं पाण्याच्या टाक्या विकायचं ऑफिस आहे, तिथे त्यांनी माझी जागा बघून ठेवली होती. काम काय, तर पावत्या भोकं पाडून फाइलला लावायच्या. मी म्हटलं, मला ते आवडणार नाही. काकांना प्रश्नच कळला नाही. त्यांचं म्हणणं, डोक्यावर पंखा आहे, बसायला खुर्ची आहे, आवडायचा संबंध येतो कुठे? शेवटी बाबांनी पेपर खाली केला आणि निवाडा दिला. रविवारी गावातल्या हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन आहे, मी टेबल घेतलंच आहे, तर टेबलावरचा माल खपला तर टाक्यांचं नाव पुन्हा निघणार नाही, आणि नाही खपला तर सोमवारी सकाळी मी काकांच्या स्कूटरवर. मी म्हटलं, कबूल.

आणि इथे मी माझाच घात करून घेतला. बाहुलीच्या कपड्यांना लागणारी चिमुकली टिचबटणं आमच्याकडे मिळत नाहीत, म्हणून मी दुसऱ्या गावच्या घाऊक बाजारात गेले. जाताना कापडाचे गठ्ठे आणि त्यांवर टाचलेले कागदी नमुने टेबलावर तसेच. म्हटलं, आल्यावर कापते. परतीची बस बंद पडली, मैत्रिणीकडे मुक्काम करावा लागला, आणि शनिवारी घरी पोचले तर खोलीत दोरी बांधलेली, दोरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कपडे, इस्त्री केलेले, लेस लावलेले… आणि खाली आत्या आणि आई, चेहऱ्यावर असा भाव, की पोरीची तारांबळ टाळली.

मला तर भरूनच आलं. खोटं नाही सांगत. मी आत्याचा हातसुद्धा धरला. मग एक फ्रॉक काढून नमुन्याच्या बाहुलीला घातला… आणि बाहुली गायब! म्हणजे आत होती ती, चाचपल्यावर लागत होती, पण वरून नुसता फ्रॉक दिसत होता. कोट घातला, तर बाबांचा कोट घालून पळून चाललेल्या पोरासारखी दिसायला लागली. खाली उलटून बघते तर आत टाच, टाचेच्या आत टाच!

"आत्या, कागदावरून का नाही कापलंस?"

"कागदावरूनच कापलं. पण तू माया ठेवायला विसरली होतीस, ती मी ठेवली."

"अगं, पण बाहुली वाढत नाही!"

त्यावर आत्याने थोडा विचार केला. खरंच केला. आणि म्हणाली, "तू पण आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा जास्तच वाढलीस."

एका रात्रीत सगळं उसवून पुन्हा शिवणं होणार नव्हतं. आई म्हणाली, गिऱ्हाइकाला सांग, आत खोचून घाला. खोचून!

रविवारी टेबल मांडलं. एका बाजूला मेणबत्तीवाली, दुसऱ्या बाजूला साबणवाला, दोघांकडे ही गर्दी, आणि माझ्याकडे बायका यायच्या, "अय्या, किती गोड," करायच्या, फ्रॉक बाहुलीला लावून बघायच्या आणि हळूच ठेवून द्यायच्या. एकीने तर विचारलं, हे कुत्र्यासाठी आहेत का? मागच्या खुर्च्यांवर आमची मंडळी ओळीने बसलेली, आणि काका दर थोड्या वेळाने येऊन सांगणार की सोमवारी स्कूटरवर बसताना रुमाल बांध, धूळ फार असते. मी दात आवळून हसत होते. तुम्हाला सांगते, त्या टाक्या मला दिसायला लागल्या होत्या. काळ्या, गोल, एकावर एक.

तेवढ्यात एक मुलगी आली. टेबलाच्या वर नुसते डोळे. काखेत बाहुली, पण कसली बाहुली? घरी चिंध्या भरून केलेली, पोट हे एवढं, मान नाहीच, एक हात कधीच गेलेला. मुलगी म्हणाली, "हिला कुठलेच कपडे होत नाहीत."

होणार कसे? दुकानातले कपडे दुकानातल्या काटकुळ्या बाहुल्यांच्या मापाचे. मी आत्याचा एक फ्रॉक उचलला, पोटापाशी बाजूची शिवण उसवली, दोन बोटं कापड बाहेर आलं, खांद्याला आत घेतलं, नसलेल्या हाताची बाही दुमडून तिथे बटण लावलं. आणि बसला हो! असा बसला, जणू तिच्यासाठीच जन्मला होता. मुलीने बाहुली लांब धरून बघितली, जवळ घेऊन बघितली, आणि पळत सुटली. मला वाटलं, गेली, पैसेही न देता गेली. कुठली जाते! ती गेली होती सगळ्यांना सांगायला.

मग माझं डोकं चाललं. साबणवाल्याचं एक रिकामं खोकं फाडलं आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, बाहुली घेऊन या, अंगावर मापात करून मिळेल. आणि बघता बघता पोरं आयांना ओढत घरी नेऊन परत यायला लागली. टकलू बाहुल्या, कुत्र्याने चावलेल्या बाहुल्या, डोळा आत गेलेली, एक ससा, एक अस्वल, त्याला पायजमा हवा होता पण शेपटीला जागा ठेवून. मी प्रत्येकीचं टेपने माप घेत होते, छाती, कंबर, बाही, आणि विचारत होते, अंगाबरोबर हवा की जरा मोकळा? एकही मूल हसलं नाही बरं का, सगळ्यांनी विचार करून उत्तरं दिली. सुईला एकटीचे हात पुरेनात, तेव्हा आत्याला टेबलामागे बसवलं. लगेच सुरू, "म्हणून मी म्हणते, माया ठेवावी." मी सांगून ठेवते, ती चूकच होती. चुकीचं मी सोनं केलं, ती गोष्ट वेगळी.

आणि सवय जाते का? एका चिमुरडीला आत्या म्हणाली, बाळ, जरा सैलच ठेवते, हिचं वाढतं अंग आहे. मुलीने तिच्याकडे असं बघितलं, की मी इतकी वर्षं प्रयत्न करूनही मला तसं बघता आलेलं नाही.

"ती मोठीच आहे," मुलगी म्हणाली. "ती डॉक्टर आहे."

"हो का? लग्न झालंय का मग तिचं?"

"नाही. तिला वेळ नाही."

आत्याने टेप उचलला. तुम्ही ऐकलंत ना? आत्याने टेप उचलला! आणि तिने त्या डॉक्टरणीचा कोट चक्क मापात केला. बाहुली वाढत नाही, हे माझ्या तोंडून पटलं नाही, पण त्या एवढ्याशा मुलीपुढे मुकाट मान्य.

इकडे रांग दारापर्यंत. बाबांनी जन्मभर ऑफिसच्या खिडकीमागे बसून लोकांना रांगेत उभं केलंय, त्यांच्याच्याने बघवेना. उठले, आणि अस्वलवाल्याला मागे सारून म्हणाले, नंबराने या, प्रत्येकाचं काम होईल. आई बटणं निवडून देत होती. आणि काका? एका मुलीने त्यांच्या हातात आपली टकलू बाहुली दिली होती, मी पाणी पिऊन येते, पाडू नका म्हणून. काका ती दोन्ही हातांत धरून ताठ उभे, खाजवायलासुद्धा हात मोकळा नाही. तशात त्यांचा फोन वाजला. टाकीवाला. काकांनी बाहुली छातीशी धरली, फोन खांद्यात अडकवला, आणि माझ्याकडे बघत बघत बोलले.

"नाही, सोमवारी ती यायची नाही… नाही नाही, तब्येत उत्तम आहे. कामात आहे ती."

कामात आहे! काकांच्या तोंडून! माझ्या हातातली सुई बोटात गेली, पण कळलंच नाही मला. संध्याकाळी टेबलावर उरला होता तो फक्त खोक्याचा पुठ्ठा.

तर असा मी विजय मिळवला. टाक्या गेल्या, पावत्या गेल्या. सोमवारी मुद्दाम उशिरा उठले, म्हटलं, आता माझी मी मालकीण. खोलीत जाऊन बघते तर मशीनवर आत्या. आई बटणांचे डबे लावतेय. काका स्कूटरवरून पिशवीभर बाहुल्या घेऊन आलेले, ओळखीच्यांच्या, तातडीच्या. आणि बाबांनी माझं टेबल ओढून खिडकीशी नेलेलं, स्वतः खिडकीच्या आत खुर्ची टाकून बसलेले, इस्त्रीचा शर्ट घालून. मी म्हटलं, बाबा, कालच्याने पाठ धरलीय, आजचा दिवस मी सुट्टी घेते. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

बसले मग मुकाट्याने सुईत दोरा ओवत. काय करणार? नव्या माणसाला पहिल्या वर्षी रजा नसते म्हणे.