ॲक्सेप्ट, एक्सेप्ट आणि सारजाबाईंचे 'हे'

पडेगावच्या थांब्यावर रांगेत माझ्या पुढं अंगणवाडीच्या सारजाबाई आणि त्यांची मैत्रीण वहिदा उभ्या होत्या. सारजाबाईंची अकरा वाजता इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. पास झाल्या तर पर्यवेक्षिका, नाहीतर आहे तिथंच. मी शाळेचं पुस्तक उघडं धरलं आणि कान मात्र तिकडं दिले!

"सारजा, आखरी बार सांग. ॲक्सेप्ट?"

"स्वीकारणं."

"आन् एक्सेप्ट?"

"ते बी स्वीकारणंच. सारखंच तर ऐकू येतंय!"

"अगं नाय! एक्सेप्ट म्हंजे सोडून. घरातलं माणूस धर, मग ध्यानात राहील. तुमच्यात चहा कोण पीत नाय?"

"आमचे हे."

"मग म्हण, सगळे चहा पितात, एक्सेप्ट..."

"एक्सेप्ट आमचे हे."

"साहेब 'हे'ला मार्क देतील व्हय? नाव घे."

"अगं बया! भर रस्त्यात? बावीस वर्षांत उखाण्याबिगर नाव नाय घेतलं मी."

"मग उखाण्यात घे, पण घे! बस आली बघ."

सारजाबाईंनी डोक्यावर पदर घेतला.

"दौलताबादच्या घाटात सीताफळांची रास,
तात्यासाहेबांचं सगळं ॲक्सेप्ट, एक्सेप्ट तंबाखूचा वास!"

अख्ख्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा, पुस्तक काखेत मारून!

"वा! आता राहील ना याद?"

"ही जोडी राहील गं. पण साहेबांनी दुसरी विचारली तर? नवरा मला एकच हाय!"